कॅनमधलं सूप जरा खाण्यालायक कसं करायचं?

उशिराची_भूक
नमस्कार मंडळी, प्रश्न आळशीपणाचा आहे हे आधीच सांगून टाकते. घरी टिनच्या सूपचे बरेच डबे जमलेत, टोमॅटो आहे, मश्रूमचं क्रीमवालं आहे, चिकन नूडल आहे आणि एक मिक्स भाज्यांचं. कामावरून उशिरा आलं की हे सोयीचं पडतं, पण चव म्हणजे काय सांगू, कुठलाही डबा उघडा, शेवटी लागतं खारट आणि सपाटच. भाज्या तर इतक्या मऊ की गाजर कुठलं नि बटाटा कुठला ते डोळे मिटून ओळखून दाखवा. मिरेपूड घालून बघितली, चीज किसून घातलं, त्याने थोडा फरक पडतो पण तरी काहीतरी राहिलंय असंच वाटतं. घरात नेहमी असतं त्यातून, दहा मिनिटांत, काय करता येईल? आणि प्लीज "ताजं सूप कर, सोप्पं असतं" असं कोणी सांगू नका, ते माहितीये मला :)

एकच_पातेलं
सपाट का लागतं ते आधी सांगतो म्हणजे काय घालायचं ते आपोआप कळेल. टिन सील केल्यावर सूपसकट तो टिन दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, बोटुलिझमचे (म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जे चिवट बीजाणू असतात ते मारायला एवढी उष्णता लागते (टोमॅटोसारख्या आंबट सूपला कमी पुरते, पण बाकीच्यांना लागतेच). त्यात भाज्यांचा पार लगदा होतो, लसूण-हर्ब्सचा वरचा ताजा वास उडून जातो, आंबटपणाची धार बोथट होते. मीठ तेवढं जिथल्या तिथे राहतं. म्हणून चीज घालून तुमचं भागत नाहीये, चीज म्हणजे परत मीठ आणि फॅट, आणि मीठ डब्यात आधीच भरपूर आहे.

माझी पद्धत अशी की सूप गरम करायच्या आधी आणि गॅस बंद केल्यावर, या दोनच वेळी हात चालवायचा. आधी म्हणजे पातेल्यात चमचाभर बटर किंवा तेल, त्यात बारीक चिरलेला कांदा कडेने ब्राऊन होईपर्यंत परतायचा, मग लसूण, पण लसूण अर्धा मिनिटच, करपला की कडू होतो आणि ते सूपभर पसरतं. टोमॅटो पेस्ट असेल तर ती पण इथेच चमचाभर घालून रंग गडद होईस्तोवर परता, कच्ची पेस्ट सूपमध्ये ढवळण्यात आणि अशी परतून घेण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुकी मसाला पूड, तिखट, सुके हर्ब्स सगळं याच तेलात, कारण त्यांचा वास पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो. मग टिन ओता. आणि शेवटी गॅस बंद करून लिंबू पिळा नाहीतर अर्धा चमचा व्हिनेगर, वरून ताजी कोथिंबीर, पातीचा कांदा, जे असेल ते. सगळं सोडा पण लिंबू सोडू नका.

कुरकुरीत
लिंबाला +१
पण टेक्स्चरचं कोणी बोललंच नाही! सूपमध्ये दाताखाली काही येतच नाही ही माझ्या मते निम्मी तक्रार आहे. शिळ्या ब्रेडचे तुकडे बटरमध्ये कुरकुरीत करून ठेवा, भाजलेले शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, काजूचे तुकडे, काहीही चालतं, फक्त बाऊलमध्ये वाढल्यावर वरून घाला, पातेल्यात नको, दोन मिनिटांत गळाठतं सगळं. फ्रोजन मटार आणि मका पण फ्रीजरमध्ये ठेवत जा, उकळी आल्यावर मूठभर टाकायचे, एक-दोन मिनिटांत होतात आणि त्यांचा रंगही छान हिरवा-पिवळा दिसतो नाहीतर मिक्स भाज्यांचं सूप नुसतं खाकी दिसतं.

हळूहळू_शिजवा
खारटपणावर सोपा उपाय, एक सोललेला बटाटा सूपमध्ये टाकून दहा मिनिटं उकळायचा, जास्तीचं मीठ तो ओढून घेतो. मग काढून टाकायचा.

लेबल_वाचा
@हळूहळू_शिजवा, हे सगळीकडे सांगतात पण तसं होत नाही हो. बटाटा खारट पाणी शोषतो, त्यातलं मीठ तेवढं वेगळं काढून घेत नाही, त्यामुळे राहिलेलं सूप जेवढं खारट होतं तेवढंच राहतं, फक्त कमी होतं. उलट दहा मिनिटं उकळून पाणी आटलं तर अजूनच खारट! हीच गोष्ट दाटपणाची, पातळ वाटलं म्हणून सूप आटवत बसू नका. चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून उकळत्या सूपमध्ये सोडा, मिनिटभर उकळू द्या, बास.

मीठ कमी लागायला हवं असेल तर सूप वाढवायचं हाच मार्ग. म्हणजे मीठ नसलेलं काहीतरी त्यात घाला, उकडलेला बटाटा कुस्करून त्यातच राहू द्या (काढू नका, इथे तो कामाचा आहे), बिनमिठाचा भात, बिनमिठाचा स्टॉक, दूध, उकडलेले बीन्स. बीन्स पण कॅनचे असतील तर चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, बरंच मीठ निघून जातं.

आणि लेबलवरचा सोडियमचा आकडा नीट बघा. साध्या सूपच्या एका कपात ६०० ते ९०० मिलिग्रॅम सोडियम सहज असतं, तो आकडा एका सर्व्हिंगचा असतो आणि आपण बसल्या बसल्या अख्खा टिन संपवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून साधारण ५ ग्रॅम मीठ. घरात कोणाला बीपी असेल तर लो सोडियमवालाच टिन आणा आणि चव वरच्यासारखी लिंबू-लसणाने आणा. सोया सॉस घालणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, चव मस्त येते पण त्यातही भरपूर मीठ असतं.

अजून एक, तुमचे टिन "कंडेन्स्ड" आहेत का साधे? कंडेन्स्डमध्ये एक टिन पाणी घालायचं असतं, काही लोक ते न घालताच गरम करतात आणि मग म्हणतात खारट आहे :D हा प्रकार १८९७ सालचा, कॅम्पबेल कंपनीतल्या जॉन डोरन्स नावाच्या केमिस्टने काढला, पाणी काढून टाकलं की डबा लहान होतो आणि वाहतूक स्वस्त पडते, एवढाच हिशोब. चवीचा विचार करून काढलेली गोष्ट नाहीये ती.

उशिराची_भूक
बापरे किती छान उत्तरं! टोमॅटोवर कांदा-लसूण-पेस्टवाली पद्धत केली, शेवटी लिंबू पिळलं, खरंच वेगळंच सूप वाटलं. टोमॅटो आणि मश्रूम दोन्ही कंडेन्स्ड आहेत, बाकीचे साधे. आता टोमॅटोमध्ये पाण्याऐवजी दूध घालावं म्हणतेय, पण फाटेल ना? आणि चिकन नूडलचं काय करू, त्यातल्या नूडल्स म्हणजे नुसता गिलगिलीत चिखल आहे.

एकच_पातेलं
फाटू शकतं, आंबट आणि उष्णता एकत्र आली की दुधाचं तेच होतं. दूध वेगळं कोमट करा, त्यात थोडं थोडं गरम सूप घालत ढवळा आणि मग ते मिश्रण पातेल्यात, त्यानंतर उकळी आणायची नाही, नुसतं वाफाळू द्यायचं. क्रीम घेतलंत तर अजून सोपं, त्यात फॅट जास्त असल्याने सहसा फाटत नाही. कोणी कोणी आधी चिमूटभर खायचा सोडा टाकतात, त्याने आंबटपणा मरतो, पण मला ते पटत नाही, टोमॅटोच्या सूपमधला आंबटपणाच घालवला तर उरलं काय? टाकलातच तर खरोखर चिमूटभर, फेस येतो भसकन, पातेलं मोठं घ्या. आणि दूधवाल्या सूपला लिंबू नको, वरून मिरेपूड आणि तुळशीची पानं पुरे.

कुरकुरीत
चिकन नूडल गाळून घ्या की सरळ! चिकनचे तुकडे वेचून ठेवायचे, नूडल्सना निरोप द्यायचा, रस्सा परत पातेल्यात. त्यात आल्याच्या दोन चकत्या आणि लसूण टाकून पाच मिनिटं उकळा, चकत्या काढा, थोडं कॉर्नफ्लोअर लावा (त्याने अंड्याचे धागे नीट धरतात), आच मंद करा आणि फेटलेलं अंडं बारीक धारेने सोडत काट्याने एकाच दिशेने हळू फिरवा. रेशमासारखे धागे होतात. मग चिकन परत आत, पातीचा कांदा वरून. नूडल्स हव्याच असतील तर वेगळ्या उकडून बाऊलमध्ये घ्या आणि वरून सूप ओता, पातेल्यात टाकून ठेवल्या तर सगळा रस्सा पिऊन टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सूप नसतंच, नुसत्या नूडल्स.

हळूहळू_शिजवा
बटाट्यावरून आमच्याकडे भांडण होईल आता, असो :) मश्रूमवाल्यासाठी माझ्याकडून. ताजे मश्रूम असतील तर चार-पाच चिरून पसरट पॅनमध्ये, गर्दी न करता, मोठ्या आचेवर. आधी पाणी सुटतं, ते आटेपर्यंत ढवळाढवळ नको, मग खरपूस होतात. तेव्हा थाइम नाहीतर ऑरेगॅनो, आणि त्याच पॅनमध्ये सूप ओतून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या, चव तिथेच असते. मीठ अजिबात घालू नका.

लेबल_वाचा
भांडण नको, बटाटा कुस्करा :) जाता जाता, उरलेलं सूप उघड्या टिनमध्येच फ्रीजला ठेवू नका, काचेच्या डब्यात काढा, तीन-चार दिवसांत संपवा. टिन मायक्रोवेव्हमध्येही नाही, धातू आहे तो. आणि बंद टिन फुगलेला असेल किंवा शिवणीवर चेपलेला असेल तर चव घेऊन बघायच्या भानगडीत न पडता सरळ टाकून द्या.

उशिराची_भूक
एक टिन शिवणीवर चेपलेला निघाला, मिक्स भाज्यांचाच, टाकला. मश्रूम उद्या करते, थाइम नाहीये पण ऑरेगॅनोची पाकिटं ढीगभर पडलीयेत.