दहा हजारांत लहान, जुना लॅपटॉप कोणता घ्यावा?

दंडारवही
नमस्कार मंडळी. मी नागपुरात प्रतापनगरला राहते आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून झाडीपट्टीतील दंडार व खडीगंमत या लोकनाट्यांची गाणी उतरवून घेते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की महिन्यातून तीन-चार वेळा वडसा, ब्रह्मपुरी, साकोली या बाजूला एसटीने जाणे होते. रात्रभर प्रयोग पाहायचा, पहाटे गायकांजवळ बसून शब्द पक्के करून घ्यायचे आणि परतीच्या बसमध्ये, चाल कानात आहे तोवर, सगळे टंकून टाकायचे, असा माझा क्रम आहे.

आजवर हे काम २०१० साली घेतलेल्या आसुसच्या ई पीसी या नेटबुकवर, म्हणजे लहान, स्वस्त लॅपटॉपवर केले. पडदा १०.१ इंच, प्रोसेसर ॲटम एन४५०, रॅम २ जीबी. गेल्या महिन्यात साकोलीला बसमधून उतरताना पिशवी माझ्याच हातून निसटून पायरीवर आपटली. डावी बिजागरी तुटली आणि कीबोर्डवरील आकड्यांच्या खालची ओळ बंद पडली. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळांच्या मांडणीने लिहिणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. काना, दुसरी वेलांटी, ब, ह, ग, द, ज ही सारी अक्षरे त्याच ओळीत आहेत. काना उमटत नसेल तर मराठीत लिहायचे काय?

दहा हजारांपर्यंत खर्च करता येईल. यंत्र खांद्याच्या पिशवीत डब्याशेजारी मावावे आणि बसमध्ये पुढच्या आसनाला न टेकता मांडीवर उघडावे. टॅबलेट सुचवू नये, ही विनंती. टॅबलेट आणि सुटा कीबोर्ड वापरून पाहिला. गाडी खड्ड्यातून गेली की दोन्ही वेगवेगळ्या दिशांना घसरतात.

नवेच_घ्या
ताई, स्पष्ट सांगतो, जुन्या यंत्रात पैसे घालू नका. मी मागच्या वर्षी मुलीसाठी १४ इंचांचा नवा लॅपटॉप ३८ हजारांना घेतला आणि आजपर्यंत एकही तक्रार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तुम्हाला हवी असलेली सगळी लहान यंत्रे बाद होतात. थोडे पैसे वाढवा आणि पाच वर्षे निर्धास्त राहा.

सातओळी
थोडे म्हणजे २८ हजार होतात. ताईंनी मर्यादा दहाची सांगितली आहे.

ताई, तुम्ही थिंकपॅड एक्स२२० घ्यावा. तो २०११ सालचा आहे, पडदा १२.५ इंचांचा आहे, आणि सात ओळींचा जुन्या पद्धतीचा कीबोर्ड असलेला त्या मालिकेतील तो शेवटचा लॅपटॉप आहे. पुढच्या वर्षी आलेल्या एक्स२३० मध्ये सहा ओळी झाल्या आणि कळा चपट्या झाल्या. एक्स२२० ची कळ मध्यभागी किंचित खोलगट असते, ती पुरेशी खाली जाते आणि अक्षर उमटल्याचे बोटाला कळते, पडद्याकडे पाहावे लागत नाही. मी माझा २०१९ साली बर्डीच्या बाजारातून साडेनऊ हजारांना घेतला आणि पीएचडीचा संपूर्ण प्रबंध त्यावर लिहिला. कंपनी कागदोपत्री ८ जीबी रॅम सांगते, पण माझ्याकडे १६ जीबी विनातक्रार चालते.

एक मात्र माझ्या चुकीवरून शिका. अशी यंत्रे बहुधा मोठ्या कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर परत केलेली असतात. माझ्या भावासाठी दुसरा घेतला, तेव्हा बायोसला (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) आधीच्या मालकाचा सुपरवायझर पासवर्ड होता. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत आणि ते यंत्र आजही कपाटात पडून आहे. दुकानातच यंत्र सुरू करताना एफ१ दाबून बायोस उघडून पाहा. पासवर्ड विचारला तर तिथेच परत ठेवा.

अजनी_ते_वर्धा
मी गेली सहा वर्षे रोज रेल्वेने वर्ध्याला जातो, त्यामुळे मांडीवरच्या लॅपटॉपविषयी अनुभवाने बोलू शकतो. थिंकपॅड मजबूत आहे हे मान्य, पण खांद्याला विचारा! मॅकबुक एअरचे ११ इंची रूप २०१० ते २०१६ या काळात मिळत होते, वजन १.०८ किलो आणि कीबोर्ड मात्र पूर्ण आकाराचा. मी २०१५ चा वापरतो. इतका पातळ आहे की फायलीत ठेवला तरी कळत नाही. त्यानंतर इतका लहान एअर ॲपलने काढलाच नाही, म्हणून जपून वापरतो आहे. किंमत दहा हजारांच्या वर जाईल, पण ती वसूल होते.

महालकर
११ इंची एअरची रॅम बोर्डावरच जोडलेली असते, वाढवता येत नाही. ४ जीबीचा मिळाला तर तेवढ्यावरच आयुष्य काढावे लागेल. आणि २०१५ ते २०१९ या काळातला १२ इंची मॅकबुक कोणी सुचवण्याआधीच सांगतो: वजन ९२० ग्रॅम असले तरी त्यात पंखा नाही आणि जोडणीचे छिद्र एकच आहे. शिवाय त्या पिढीच्या कीबोर्डसाठी ॲपलला २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली होती. बिनपंख्याचे यंत्र पुण्यात किंवा बंगळुरूत ठीक असेल. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की असे यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग इतका कमी करते की टंकलेले अक्षर दोन क्षणांनी उमटते. माझ्याकडे एका वेगळ्याच कंपनीचा बिनपंख्याचा होता. उन्हाळ्यात त्याची बॅटरी फुगली आणि टचपॅड वर उचलला गेला. तेव्हापासून पंखा नसलेले काहीही मी घरात आणत नाही.

अजनी_ते_वर्धा
ताईंचा हंगाम दिवाळीनंतरचा आहे. मे महिन्याचा प्रश्न येतोच कुठे?

महालकर
टिपणे हिवाळ्यात होतात, पण त्यांचे संपादन उन्हाळ्यात घरी बसूनच होणार ना.

निवृत्त_बातमीदार
लहान लॅपटॉपचा खरा पेच आकाराचा नसून बोटांचा आहे, हे या धाग्यात कोणी मांडले नाही म्हणून लिहितो. यंत्र लहान करता येते. माणसाचा पंजा लहान करता येत नाही. आयबीएमने १९९५ साली थिंकपॅड ७०१ काढला. त्याचा कीबोर्ड दोन तुकड्यांत होता आणि झाकण उघडताच ते तुकडे सरकून एकमेकांत बसत व यंत्राच्या दोन्ही कडांबाहेर येत. जॉन कॅरिडिस या अभियंत्याची ही कल्पना. ते यंत्र फार काळ बाजारात राहिले नाही, पण न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले.

त्याच्याही आधी, १९८३ साली, टीआरएस-८० मॉडेल १०० आले होते. त्याच्या पडद्यावर आठच ओळी दिसत, पण पेन्सिल सेलच्या चार नगांवर ते सुमारे वीस तास चाले आणि कळ दाबताक्षणी सुरू होई. अमेरिकेतील बातमीदारांनी ते वर्षानुवर्षे सोडले नाही. मी स्वतः हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या बरीच वर्षे एका ९ इंची नेटबुकवर लिहिल्या. विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसून मजकूर पूर्ण व्हायचा आणि शेजारच्याला कोपर लागत नसे. पुढे कार्यालयाने १५.६ इंचांचा लॅपटॉप दिला आणि मी पुन्हा कागदावर लिहू लागलो.

म्हणून ताई, दुकानात गेल्यावर आकडेवारी वाचू नका. एक पूर्ण कडवे टंकून पाहा.

वही_पेन_लॅपटॉप
वर कोणी सांगितले आहे की नाही माहीत नाही, पण थिंकपॅड एक्स२२० चांगला आहे. नाहीतर एक्स२३० पाहावा. माझ्याकडे एक्स२३० आहे आणि उत्तम चालतो. फक्त एक अडचण आली. त्याचे बायोस बॅटरीची ओळख तपासते, त्यामुळे स्वस्तातली बॅटरी बसते पण चार्ज होत नाही. मी अशा दोन बॅटऱ्यांवर पैसे घालवले.

सातओळी
मी सांगितले आहे. आणि बॅटरीची ही तपासणी एक्स२२० मध्ये नाही, म्हणूनच तो सुचवला. सहा ओळींच्या कीबोर्डला उत्तम म्हणणे मला तरी पटत नाही.

नवेच_घ्या
नेटबुक हा प्रकारच कंपन्यांनी का बंद केला, याचा विचार करा. चांगला असता तर बंद झाला असता का? २०१० मध्ये आयपॅड आला आणि दोन-तीन वर्षांत नेटबुक संपले.

निवृत्त_बातमीदार
हे अर्धेच कारण आहे. नेटबुकवर बहुधा विंडोज ७ स्टार्टर ही आवृत्ती दिली जाई. तिच्यात डेस्कटॉपचे चित्रही बदलता येत नसे आणि यंत्रात रॅम १ जीबीच असे. २००७ चा पहिला ई पीसी आठवा: ७ इंचांचा पडदा, ४ जीबीची एसएसडी, वजन किलोपेक्षा कमी आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली. तो जेवढे काम अंगावर घेई तेवढे नीट करी. पुढे त्याच किमतीत मोठ्या लॅपटॉपची सगळी कामे त्याच्या गळ्यात घातली गेली आणि तो मंद ठरला.

स्वस्त लहान यंत्राची कल्पना मुळात शाळेतल्या मुलांसाठी पुढे आली होती. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच राज्यात, कर्जतजवळच्या खैरात या गावातील शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा पडदा भर उन्हात वाचता येई, आणि ही सोय मला पुढे कोणत्याही महागड्या यंत्रात दिसली नाही.

धंतोली_दुरुस्ती
माझे लॅपटॉप दुरुस्तीचे काम आहे, म्हणून खरेदीऐवजी तपासणीविषयी लिहितो.

नागपुरात जुन्या लॅपटॉपचा खरा शत्रू कूलर आहे. कूलरसमोर बसून वापरलेले यंत्र उघडले की पंख्याच्या जाळीत धूळ आणि ओल मिळून नमद्यासारखा थर बसलेला दिसतो आणि पाण्यातील क्षारांची पांढरी पूड बोर्डावर साचलेली असते. त्यामुळे कोणतेही जुने यंत्र घेतले तरी आधी ते उघडून साफ करून घ्या, थर्मल पेस्ट बदला आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल नवा टाका. हा सेल मेला की यंत्राची तारीख मागे जाते, संकेतस्थळे उघडत नाहीत आणि लोक वायफाय बिघडले असे समजून माझ्याकडे येतात. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता लिनक्समध्ये शेजारी-शेजारी दिसतात. आजची क्षमता निम्म्याखाली असेल तर बॅटरीचा खर्च किमतीत धरा. एक्स२२० घेतलात तर एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची घ्या, जाड बसत नाही.

ताई, आता तुमच्या ई पीसीविषयी. एन४५० हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे. त्याच्या आधीचा एन२७० हा ३२ बिटचा. डेबियन या लिनक्स प्रणालीने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. तुमच्या यंत्रावर मात्र डेबियन १३ आजही चढते. एक्सएफसीई किंवा त्याहून हलका डेस्कटॉप ठेवा आणि लिब्रेऑफिसमध्ये फक्त लिहा. ब्राउझरची अपेक्षा ठेवू नका. तरीही बिजागरी आणि कीबोर्ड दोन्ही गेले असतील, तर सुटे भाग शोधण्यात वेळ जाईल. मीही एक्स२२० च सुचवीन.

दंडारवही
सर्वांचे मनापासून आभार. काल बर्डीला जाऊन एक्स२२० प्रत्यक्ष पाहिला. एफ१ दाबून पासवर्ड नसल्याची खात्री करून घेतली आणि एक कडवे टंकूनही पाहिले. कीबोर्ड खरोखर सुंदर आहे. सातओळी यांचे वर्णन अक्षरशः खरे आहे. मग पिशवीतील डबा बाहेर न काढता यंत्र आत ठेवून पाहिले, तर चेन लागेना. घरी पट्टीने मोजले: माझा ई पीसी २६ सेंटिमीटर रुंद आहे, एक्स२२० साडेतीस. एसटीत दोघांच्या आसनावर तिसरा प्रवासी बसला की हे साडेचार सेंटिमीटर फार मोठे होतात. ११ इंची एअर त्याहून थोडाच अरुंद, आणि पैशांच्याही बाहेरचा.

सातओळी
डबा वेगळ्या पिशवीत ठेवता येणार नाही का? साडेचार सेंटिमीटरसाठी तो कीबोर्ड सोडू नये.

नवेच_घ्या
मी पुन्हा सांगतो, तुमची टिपणे महत्त्वाची आहेत. अशा कामाला १५ वर्षे जुने यंत्र वापरणे धोक्याचे आहे. एक दिवस ते बंद पडेल आणि सगळे जाईल.

दंडारवही
धोक्याविषयीचे म्हणणे मान्य आहे. म्हणून प्रत्येक फेरीनंतर टिपणे दोन पेनड्राइव्हवर उतरवते आणि एक पेनड्राइव्ह मुलाकडे असतो.

निर्णय कळवते. तुमच्यापैकी कोणीच सुचवला नव्हता असा मार्ग मी घेतला आहे. परवा महाल भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात माझ्याच मॉडेलचा ई पीसी मिळाला. पडदा तडकलेला, बॅटरी मेलेली, पण दोन्ही बिजागऱ्या घट्ट आणि कीबोर्ड पूर्ण चालू. १,८०० रुपयांना घेतला. धंतोलीतील एका दुरुस्तीवाल्यांनी त्याची बिजागरी आणि कीबोर्ड माझ्या यंत्रात बसवले, आतली धूळ काढली, सेल बदलला आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी टाकली. नव्या बॅटरीसह सगळा खर्च साडेसहा हजारांच्या आत झाला.

एक्स२२० चा कीबोर्ड बोटांना आठवतो, हे खोटे सांगणार नाही. पण या लहान कळांवर माझी बोटे पंधरा वर्षे बसली आहेत, आणि अंधाऱ्या बसमध्ये दिवा न लावता मला काना कुठे आहे ते कळते. शनिवारी वडशाला निघते आहे.

धंतोली_दुरुस्ती
मदरबोर्ड, रॅम आणि चार्जर टाकून देऊ नका. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि नवी बॅटरी उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा डिकीत राहू देऊ नका.

निवृत्त_बातमीदार
ताई, त्या दुकानात ९ इंची नेटबुकचा चार्जर दिसला होता का? माझा अजून चालू स्थितीत आहे, फक्त चार्जरची वायर पिनेपाशी तुटली आहे.