मदत हवी आहे: केळीच्या एक्स्पोर्टच्या इंग्रजी मेलमध्ये विरामचिन्हं कशी वापरायची?

नमस्कार मंडळी. मी सावद्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये ऑफिसचं काम बघते. घड कापून आले की फण्या करून, धुऊन, खोक्यांत भरतात आणि रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या, कंटेनरने आखाती देशांत पाठवतात. तिकडच्या खरेदीदारांशी आणि शिपिंगवाल्यांशी होणारा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत असतो आणि तो माझ्याकडे आहे. शब्द सुचतात, स्पेलिंग कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो. अडतं ते चिन्हांपाशी.

सगळ्यात काळजीची गोष्ट आधी सांगते. आपल्याकडे अर्जात 'विषय :-', 'दिनांक :-' असं लिहायची सवय आहे. तीच सवय इंग्रजीत उतरते आणि 'टेम्परेचर:-१३.५' असं लिहिलेले कागद आमच्या भागात सर्रास दिसतात. केळी साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअसला पाठवतात. कुणी ती आडवी रेघ उणे म्हणून वाचली तर? १२ अंशांच्या खालीच सालीचा रंग बिघडायला लागतो, पुढे फळ नीट पिकत नाही. उणे १३ म्हणजे तर अख्खा कंटेनर गोठलेला. त्यात कुणाकुणाच्या बागेचं फळ असतं हे मला माहीत असतं, म्हणून जीव घाबरतो.

दुसरं म्हणजे स्वल्पविराम. 'कंटेनर भरला, कागदपत्रं उद्या पाठवते' हे मराठीत अगदी बरोबर. पण तसंच 'द कंटेनर इज लोडेड, वी विल सेंड द डॉक्युमेंट्स टुमॉरो' लिहिलं की चूक दाखवतात. का, हे कुणी सांगत नाही. शाळेत 'श्वास घ्यायला थांबता तिथे स्वल्पविराम द्या' एवढंच शिकवलं होतं आणि त्यावर माझं काम भागत नाही.

अपॉस्ट्रॉफीचाही (') घोळ आहेच. 'बॉक्सेस' लिहायचं तिथे 'बॉक्स'स' लिहिणारे आमच्याकडे खूप आहेत. आणि 'इट्स'मध्ये ते चिन्ह कधी द्यायचं, कधी नाही?

नियमांची यादी नको. समजून उमजून लिहिता येईल असं काही सांगा.

प्रतिसाद, धुळ्याहून:

ताई, मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. श्वासाचा नियम आधी डोक्यातून काढून टाका, मुलांचं सर्वांत जास्त नुकसान त्यानेच झालंय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'भरला' म्हटलं की वाक्य संपल्याचं कानाला कळतं. मग पुढे स्वल्पविराम असो की पूर्णविराम, वाचणारा गोंधळत नाही. इंग्रजीत क्रियापद मधे येतं आणि वाक्य कुठे संपलं हे चिन्हालाच सांगावं लागतं. म्हणून दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या किंवा स्वल्पविरामापुढे 'अँड' घाला. तिन्ही चालतात. शंका आली तर पूर्णविराम द्यावा, छोटी वाक्यं कुणाला खटकत नाहीत.

तुमच्या धंद्यात याहून महत्त्वाचं एक आहे. 'द बॉक्सेस दॅट वेअर डॅमेज्ड वेअर रिजेक्टेड' म्हणजे जी खोकी खराब झाली तेवढीच नाकारली. 'द बॉक्सेस, व्हिच वेअर डॅमेज्ड, वेअर रिजेक्टेड' म्हणजे सगळीच खोकी खराब होती आणि सगळीच नाकारली. क्लेमच्या मेलमध्ये हे दोन स्वल्पविराम फार जपून वापरा.

'इट्स'चं सोपं आहे. तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाही तर देऊ नका. 'हिज'ला कधी देतो का आपण? तसंच. आणि अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी नाहीच.

प्रतिसाद, जळगावहून:

मी वकिली करतो, म्हणून एक खटला सांगतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात कोणत्या कामांना जादा वेतन नाही याची यादी होती. यादीचा शेवट होता 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन ऑफ'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, याचा अर्थ वाटपासाठी पॅकिंग करणं असा होतो. आम्ही वाटप करतो, पॅकिंग करत नाही, म्हणजे आम्हाला ओव्हरटाइम लागू. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा करारातल्या यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम द्यावा, असं मी तरी सगळ्यांना सांगतो. ब्रिटिश पद्धतीत तो बऱ्याचदा गाळतात. खरेदीदार कुठलाही असो, पूर्ण कागदात एकच पद्धत ठेवा.

आकड्यांकडेही बघा. आपण १,००,००० लिहितो, बाहेर १००,००० लिहितात. इनव्हॉइसवर त्यांचीच पद्धत बरी. दोन कंटेनर असतील तर 'टू ४०-फूट कंटेनर्स' असं संयोगचिन्ह देऊन लिहा, नाही तर 'टू' कशाला लागू आहे ते कळत नाही.

धागाकर्ती:

सर, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. क्रियापदाचं कारण ऐकून बरंच मोकळं झालं, आता जुने मेल काढून बघते. तापमानाचं मात्र राहिलं. नुसता अपूर्णविराम (:) दिला तर चालेल का? आणि १३ ते १४ लिहिताना मधे रेघ देऊ का?

प्रतिसाद, धुळ्याहून:

अपूर्णविराम द्या, शब्दाला चिकटून, आणि त्यानंतर एक जागा सोडून आकडा. इंग्रजीत कोलनला रेघ जोडायची गरज नाही. तापमानाच्या ओळीत रेघ कुठेच नको, '१३ टू १४' लिहा. शक्य असेल तर आकड्याआधी अधिकचं चिन्हही द्या: 'टेम्परेचर: +१३.५ सी'. शिपिंगवाल्यांना ते ओळखीचं असतं आणि मग उणे वाचायला जागाच उरत नाही.