प्रति: लाल रक्त म्हणजे मूळव्याधच ना?

शौचातून रक्त जातंय असं विचारणाऱ्याला वर कुणीतरी ‘रक्त लालभडक आहे ना, मग मूळव्याधच, इसबगोल घ्या’ असं म्हटलंय. पुष्कळदा ते खरं ठरतं. कापल्यासारखं दुखत असेल तर फिशरही (गुदद्वाराला पडलेली चीर) असतं. पण मूळव्याध आणि आतड्याचा कर्करोग एकाच माणसात असू शकतात. माझ्या काकांना जुनी मूळव्याध. हिमोग्लोबिन घसरलं तेव्हा घरच्यांनी बीट-खजूर सुरू केले. डॉक्टरांनी मात्र कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याचा) आग्रह धरला आणि मोठ्या आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) सापडला. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बायकांत लोह कमी झालं असेल, तर रक्त कुठून जातंय हे शोधायलाच हवं.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर कृपा करून इथे विचारत बसू नका, लगेच इस्पितळ गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही तिथे आधी सांगा.