दुसऱ्या मजल्यावरचं खत जुलैत बिघडतं, काय करू?

प्रश्न : दुसरा मजला, रत्नागिरी

नमस्कार. तीन वर्षांपूर्वी गावचं घर बंद करून आम्ही रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली मुलगी. गावाला कचरा असा वेगळा फारसा उरतच नसे. भाजीची देठं गुरांना, चुलीतली राख भांड्यांना, मासे धुतलेलं पाणी कढीलिंबाला, नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत. इथे पहिल्याच आठवड्यात मी काळ्या पिशव्या भरून खाली न्यायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही उद्याची माती आहे, कुठे घालवतेस?" ते अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून जमेल ते करते आहे. मासळीला स्टीलचा डबा नेते. मासेवालीला आता सवय झालीय, मी दिसले की डब्यासाठी स्वतःच हात पुढे करते. बाहेरच्या खोलीतला ७५ वॉटचा पंखा काढून सुमारे ३० वॉटचा बीएलडीसी लावला. तो दिवसाचे पंधरा तास तरी फिरतो, म्हणजे महिन्याला वीस युनिटं वाचतात. उकडा तांदूळ रात्रीच भिजत घालते, गॅस बराच कमी जळतो. हे सगळं अंगवळणी पडलं.

अडलंय ते ओल्या कचऱ्यावर. आठवडाभर तोलून बघितला, आमचा रोज साधारण एक किलो भरतो. बाल्कनीत ५० लिटरचे दोन ड्रम ठेवलेत, बाजूने भोकं पाडून. नोव्हेंबर ते मे छान चालतं, काळं भुसभुशीत खत मिळतं, त्यावर मिरची आणि तोंडली झाली. पण पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत सगळ्याचा चिखल होतो. आंबूस वास येतो, अळ्या बाहेर चढतात. गेल्या जुलैत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तपकिरी पाणी टपकलं. त्या रागावल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दोन्ही ड्रम मी कचऱ्याच्या गाडीत रिकामे केले. सलग दुसऱ्या वर्षी.

आता मार्च संपत आला. यंदा असं होऊ द्यायचं नाहीये. कोकणातल्या पावसात, बाल्कनीत, तेही मासे खाणाऱ्या घरात, कोणाला हे जमलंय का? पुण्या-नाशिकच्या सल्ल्यांनी इथे काम भागत नाही, ते करून झालंय.

उत्तर : वेंगुर्ल्याहून

जमलंय, अकरा वर्षं. तिसऱ्या मजल्यावर राहते. जुलैचं खत मे महिन्यात ठरतं, एवढी एक गोष्ट धरून ठेवा.

आपण मे महिन्यात काय काय बेगमी करतो? तांदूळ, मसाला, सुकट, सोडे, आमसुलं, फणसाचे पापड, पूर्वी लाकडं आणि गोवऱ्यासुद्धा. त्यात सुक्या पानांची पोती धरा. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर असतं. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना सोबत कर्ब लागतो आणि हवाही लागते. दोन्ही सुक्या पानांतून मिळतं. उन्हाळ्यात तुमच्या ड्रममधलं जास्तीचं पाणी आपोआप उडून जात होतं म्हणून पानं कमी पडली तरी निभावलं. जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. ड्रमातलं पाणी उडत नाही, कचरा बसतो, हवा कोंडते आणि मग कुजण्याऐवजी आंबायला लागतो. तो वास त्याचाच.

उन्हाळ्यात कचऱ्याइतकीच पानं पुरतात, पावसाळ्यात दुप्पट धरा. तुमच्या एक किलोला, म्हणजे साधारण दोन लिटरच्या भांडंभर कचऱ्याला, चार लिटर चुरा. जून ते सप्टेंबर धरलं तर तांदळाच्या मोठ्या पोत्यांत दाबून भरलेली पाच-सहा पोती लागतात. ऐकायला खूप वाटतं, पण एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या आवारात रोज जे झाडून पेटवून देतात त्याचीच ती पोती असतात. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवा. धूरही वाचेल.

कुठली पानं, हे मी चुकत चुकत शिकले. आंबा, फणस, काजू यांची पानं चिवट, तशीच घातली तर वर्षभर जशीच्या तशी सापडतात. कडक उन्हात दोन दिवस पसरून, पोत्यात घालून पायांनी तुडवली की चुरा होतो. गुलमोहराची बारीक पानं सर्वांत उत्तम, काहीच करावं लागत नाही. पोती गच्चीच्या जिन्याखाली फळीवर ठेवा, लादीवर नको, खालून ओल चढते.

दुसरी वस्तू सोडण. नारळ सोलून आणलात तरी सोडणं मागून घ्या. ती उन्हात वाळवून, हाताने पिंजून तंतू मोकळे करायचे. ते लवकर कुजत नाहीत आणि तोच त्यांचा उपयोग आहे. पाणी शोषतात आणि कचरा दबू देत नाहीत. ड्रमच्या तळाशी वीतभर थर द्या. खत तयार झालं की चाळणीवर तंतू वेगळे पडतात, वाळवून पुन्हा घालायचे. माझे काही तंतू चौथ्या वर्षात आहेत. भोकं तळाला असतील तर खाली परात ठेवाच. त्यात उतरलेलं पाणी दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांना घाला, काकूंच्या कपड्यांचा प्रश्न तिथेच मिटेल.

नारळाचं दूध काढल्यावर उरणारा चोथा पावसाळ्यात ड्रममध्ये घालू नका. त्यात तेल असतं, एका रात्रीत आंबतो. तो तव्यावर कोरडा भाजून लसूण आणि सुक्या मिरचीबरोबर चटणी करा. उरलेली आमटी, तेलकट भाजी हेही नको.

अळ्यांबद्दल थोडं. मोठ्या, राखाडी-तपकिरी, चपट्या आणि आडव्या वळ्यांच्या असतील तर त्या सैनिक माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मीसुद्धा ड्रम सोडून आत पळाले होते. आता त्या आल्या की बरं वाटतं. फक्त बाहेर चढू लागल्या तर ओल फार झालीय असं समजायचं आणि दोन ओंजळी चुरा जास्त टाकायचा.

माशांचं तेवढं वेगळं लिहिते, आता दिवे गेले.

उत्तर : चिपळूणहून

खताबद्दल वरच्या ताई सांगताहेत तेच करा. मी पाण्याचं बोलतो.

शंभर चौरस मीटर गच्चीवर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर तीन लाख लिटर होतात. रत्नागिरीत साधारण एवढा पडतोच. आणि मे महिन्यात आपल्याच बिल्डिंगा टँकर मागवतात. इथला जांभा दगड सच्छिद्र, पाणी झिरपतं आणि उतारावरून तितक्याच लवकर समुद्राकडे निघून जातं. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे. नंतरचं पाणी गोटे, वाळू, कोळशाच्या गाळणीतून टाकीत घेतलं तर चार महिने संडास, लादी आणि गाड्या धुण्याचं पाणी तरी पंपाने चढवावं लागत नाही. आमच्याकडे दोन वर्षं हे चालू आहे.

घरात आरओ असेल तर पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजून घ्या. ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नसते, जंतूंसाठी यूव्ही पुरतं. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो.

उत्तर : अलिबागहून

सोसायटीच्या सभेत एक विषय घ्या. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर पॅनेलच्या सरकारी योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. जिना, पंप, लिफ्ट यांचं बिल त्यावर उतरतं. समुद्राजवळ आहात, म्हणून सांगाडा गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचाच घ्या आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. आम्ही साधे बोल्ट चालवून घेतले, दुसऱ्या पावसाळ्यानंतर सगळे बदलावे लागले.

उत्तर : वेंगुर्ल्याहून

दिवे आले. मासे.

बाल्कनीतल्या ड्रममध्ये मासळीचं काहीही नको, ना डोकी, ना कोलंबीची सालं. आमच्या गावात नगर परिषदेने जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग केली आणि तिथे ओल्या कचऱ्यावर बायोगॅस चालवला. कचरा वेगवेगळा द्यायची सवय आम्हाला तिथून लागली, म्हणून घरातही मासळीचा डबा आपसूकच वेगळा झाला.

तुमच्या आवारात माड आहे का? असेल तर सुटलातच. बुंध्यापासून दोन हात लांब, आळ्यात हातभर खोल खड्डा, त्यात मासळीचं सगळं, वर माती आणि वर जांभ्याचा चिरा. चिरा विसरू नका, नाहीतर रात्री मांजरं उकरतात. दर वेळी खड्ड्याची जागा थोडी सरकवायची. आपल्या आज्या हेच करत होत्या आणि माड तसे धरत होते.

माड नसेल तर बरणी. मासळीचा कचरा आणि तेवढ्याच वजनाचा गूळ, झाकण सैल, महिनाभर सावलीत. सैल अशासाठी की आत वायू होतो. मग गाळून लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर, पंधरा दिवसांतून एकदा कुंड्यांना. तिसऱ्याचे शिंपले कुजत नाहीत. धुऊन, वाळवून, ठेचून कुंडीत तळाला घाला, चुना मिळतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा हा कचरा तसाही कमीच होतो.

प्रश्नकर्ती : दुसरा मजला, रत्नागिरी

आज सकाळी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. चिऱ्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "माझी आई पण चिराच ठेवायची." आवारात तीन माड आहेत, एक आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच. झाडणाऱ्या मावशींशी बोलले. उद्यापासून त्या पानं पेटवणार नाहीत, कोपऱ्यात ढीग लावतील. पोती मी देते. खालच्या काकूंना परात दाखवून आले, त्यांनी एक जुनं पोतं दिलं.

एकच राहिलं. आवारात बहुतेक आंबा आणि बदाम. बदामाची पानं केवढी मोठी असतात, ती चालतील का?

उत्तर : वेंगुर्ल्याहून

चालतात. पूर्ण वाळू द्या, मग हातातच मोडतात. पण ओली असताना पोत्यात भरू नका, आतच बुरसतात. आणि पहिलं पोतं भरलं की तोंड बांधण्याआधी हात आत घालून बघा. थोडंसं जरी गार-दमट लागलं, तर पुन्हा एक ऊन द्या.