गडगा लांब म्हणजे वाडी मोठी?

शिक्षकांना भूमिती किती कळते हे कसं तपासावं, या प्रश्नावर कुणीतरी लिहिलंय की सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आहेच. आहे, पण त्यातले १५० च्या १५० प्रश्न बहुपर्यायी. शिक्षकाला उत्तर येतं का ते कळेल. मुलाचं चुकलेलं उत्तर वाचता येतं का, ते नाही.

मी रत्नागिरीकडे सातवीला शिकवतो. एका पोराने विचारलं, "सर, गडगा लांब म्हणजे वाडी मोठी ना?" गडगा म्हणजे जागेभोवतीचं चिऱ्यांचं, म्हणजे दगडांचं कुंपण; वाडी म्हणजे आतली जागा. मी 'हो' म्हणणारच होतो (खोटं कशाला बोलू!). मग फळ्यावर मांडलं. ३३ × ३३ फुटांचा गुंठा: गडगा १३२ फूट, जागा १०८९ चौरस फूट. आणि ७० × १० ची पट्टी: गडगा १६० फूट, जागा फक्त ७००. पोरगं म्हणालं, "मगे चिरे फुकटच गेले!"

शिक्षकांना हाच प्रश्न लेखी द्या: हे विधान कधी खरं, कधी खोटं, आणि मुलाला काय दाखवाल? निम्मे गुण शेवटच्या भागाला. किंवा कोनमापकाची उलटी पट्टी वाचून ६० अंशांच्या जागी १२० लिहिलेली वही पुढे ठेवा आणि विचारा, पोराचं नेमकं कुठे चुकलं? तपासायला वेळ लागेल, हे मान्य.