दर वर्षी जगबुडी! कॉमिक्समधल्या क्रॉसओव्हरचा कंटाळा मलाच आलाय का?

गंगापूररोडकर:
मी मार्व्हलच्या डेअरडेव्हिलचं, म्हणजे त्या वकील सुपरहिरोचं कॉमिक वाचतो ते न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचन वस्तीच्या गल्ल्यांसाठी. कोर्टातली केस जरा रंगात आली की अख्ख्या विश्वावर संकट! पुढचं कळायला दुसऱ्याच मालिका घ्या, हेच ते क्रॉसओव्हर. नाशकात सुटे अंक मिळायची मारामार, त्यात हे. मार्व्हलचेच बघा, 2005 हाऊस ऑफ एम, 2006 सिव्हिल वॉर, 2008 सिक्रेट इन्व्हेजन... दम तर खाऊ द्या! मेलेले परत येतात, त्यामुळे रडूही येत नाही. तुम्ही हे भाग सरळ गाळता का?

पंचवटीचा पक्या:
धंदा आहे भाऊ. मार्व्हलचं 1984 चं सिक्रेट वॉर्स मॅटेलच्या खेळण्यांच्या जोडीनेच आलं होतं. मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिच्या 1985 च्या क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स या क्रॉसओव्हरला निदान कारण होतं, समांतर विश्वांचा गुंता आवरायचा होता. त्यात मेलेला फ्लॅश म्हणजे बॅरी अ‍ॅलन खऱ्या अर्थाने परतला तो थेट 2008 ला. तेव्हा मरणाला किंमत होती.

मेनरोडची मीनल:
मी बिनधास्त गाळते. मार्व्हलचा धनुर्धारी हॉकआय, त्याची 2012 ची मालिका घे. ब्रुकलिनमधली एक इमारत, तिथले भाडेकरू, बस्स. एक अंक तर चक्क कुत्र्याच्या नजरेतून आहे.

गंगापूररोडकर:
कुत्र्याच्या? ताई, तुमच्याकडे असेल तर रविवारी कॉलेज रोडला भेटू. चहा माझ्याकडून.