एका मॅचने क्लब मोडतो का? पोर्ट अ‍ॅडलेडचे ११९ पॉइंट

वेस्टलेक्सकर:
२९ सप्टेंबर २००७, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची ग्रँड फायनल, जिलाँग १६३, पोर्ट अ‍ॅडलेड ४४. ११९ पॉइंटचा फरक, फायनलमधला हा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. (फुटी न बघणाऱ्यांसाठी: मधल्या दोन उंच खांबांतून बॉल मारला की गोल, ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ पॉइंट. म्हणजे ११९ म्हणजे जवळजवळ वीस गोल.) माझं म्हणणं एवढंच की त्या दुपारी क्लब मोडला. त्याच सीझनला राउंड २१ मध्ये ह्याच पोर्टने ह्याच जिलाँगला त्यांच्या घरात ५ पॉइंटनी हरवलं होतं, जिलाँगचा सलग १५ विजयांचा सिलसिला तोडला होता, म्हणजे टीम काही लेचीपेची नव्हती. आणि पुढच्याच वर्षी? १६ टीममध्ये तेरावी. २०१० ला कोच मार्क विल्यम्स गेला, लोक यायचे बंद झाले, शेवटी घरच्या मैदानात, फुटबॉल पार्कमध्ये, रिकाम्या सीटांवर चक्क ताडपत्र्या टाकल्या.

मी २०१० ला अ‍ॅडलेडला आलो, पुढच्या वर्षी ऑफिसातल्या एकाने जास्तीचं तिकीट दिलं म्हणून पहिली मॅच बघायला गेलो, समोर गोल्ड कोस्ट, नवाकोरा क्लब, तोपर्यंत एकही मॅच जिंकलेला नाही. पोर्ट ४० पॉइंटनी पुढे होते. हरले. सायरन वाजल्यावर पोर्टच्या वेस्टहॉफची किक बाकी होती, तीही हुकली, ३ पॉइंटनी गेली मॅच. कुणी शिव्यासुद्धा घातल्या नाहीत हो. माझ्या शेजारचा माणूस गुडघ्यावरच्या स्कार्फची घडी घालत बसला, उलगडायचा, परत घालायचा. ते बघून मला वाटलं, ह्या लोकांचं काहीतरी आधीच गेलंय.

हॉथॉर्नवाली:
त्याच २०११ ला आम्ही हॉथॉर्नने तुम्हाला १६५ ने हाणलं, त्याच्या आदल्या आठवड्यात कॉलिंगवूडने १३८ ने. ते पण २००७ मुळेच का? 😄 चार वर्षांत निम्मी टीम बदलली होती की.

जुना_मॅगपाय:
वेस्टलेक्सकर, तुमची केस कच्ची आहे, खरी केस आमची, कॉलिंगवूडची. १९७० ची ग्रँड फायनल, एमसीजी, १,२१,६९६ माणसं, एवढी गर्दी परत कधी झाली नाही. हाफ टाइमला कॉलिंगवूड ४४ पॉइंटनी पुढे. कार्लटनचा कोच रॉन बरासी पोरांना म्हणाला हँडबॉल खेळा (म्हणजे किक न मारता मुठीने पास द्या), आणि टेड हॉपकिन्स नावाचा बेंचवरचा बारकासा पोरगा आत येऊन ४ गोल मारून गेला. हरलो १० पॉइंटनी. तुम्ही ११९ ने हरलात, त्यात निदान आशाच राहत नाही, तिसऱ्या क्वार्टरला डबा उघडून जेवून घ्यायचं. जिंकलेली मॅच जाते ती पोटात राहते.

आणि राहिलीच. १९५८ ची प्रीमियरशिप (म्हणजे ग्रँड फायनल जिंकून मिळणारं विजेतेपद), त्यानंतर थेट १९९०. मधे आठ फायनल हरलो, त्यात ७७ ची एक आधी ड्रॉ करून मग परत खेळून हरलो, धन्य! आमचाच जुना कॅप्टन लू रिचर्ड्स, त्याने ह्याला नावच देऊन ठेवलं, कॉलिवॉबल्स, म्हणजे आपल्या भाषेत फायनल आली की पोटात गोळा. मी ८८ साली मेलबर्नला आलो तेव्हा शेजारी एक म्हातारबाबा होते, ७० च्या त्या गर्दीतले. टीम कितीही पुढे असू दे, शेवटच्या सायरनपर्यंत बियर फोडायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, आजोबा, चाळीसने पुढे आहोत. तर म्हणाले, "चव्वेचाळीस पण पुरले नव्हते." आपल्याकडे मियांदादच्या शारजाच्या सिक्सनंतर कित्येक वर्षं शेवटच्या ओव्हरला टीव्ही बंद करणारे काका होते ना, तसंच.

डीमन_देशपांडे:
दोघांनाही -१. पराभव क्लब मोडत नाही, मोडलेला क्लब मोठ्याने हरतो. मॅगपायकाका, ७० चा सीझन सुरू व्हायच्या आधीच तुमच्याकडे पैशांवरून भांडण पेटलं होतं, टडनहॅम आणि लेन थॉम्पसन अडून बसले, टडनहॅमची कॅप्टनशिप गेली, टेरी वॉटर्स कॅप्टन झाला. ते सोडून सगळं खापर हॉपकिन्सच्या ४ गोलांवर कशाला? आणि कोच बॉब रोझ ६४ आणि ६६ ला पण हरलाच होता, ६६ ला तर एका पॉइंटने. गोळा ७० च्या आधीचा आहे.

आता आमचं, मेलबर्न क्लबचं, ऐका. ३० जुलै २०११, जिलाँग २३३, मेलबर्न ४७. १८६! साधी लीग मॅच, फायनल बियनल काही नाही. कोच डीन बेलीला लगेच नारळ दिला. सगळे म्हणाले ह्या मॅचमुळे गेला. अरे, त्या आठवड्यात क्लबच्या ऑफिसात कोण राहणार कोण जाणार ह्याचीच खेचाखेची चालू होती, मैदानावर पोरं काय खेळणार? पुढचा कोच मार्क नील्ड, ३३ मॅचमध्ये ५ विजय. मग पॉल रूस आला, घडी बसायला लागली, आणि २०२१ ला, १९६४ नंतर पहिल्यांदा, प्रीमियरशिप. १८६ चा डाग होता तिथेच होता, क्लब पुढे गेला.

शनवारातला:
पानिपतनंतर दहाच वर्षांत मराठे परत दिल्लीत होते. एवढंच नमूद करतो.

हॉथॉर्नवाली:
आलं पानिपत. मी वाटच बघत होते.

जुना_मॅगपाय:
देशपांडे, ७० ला भांडण होतं हे मान्य, पण भांडणारी तीच टीम हाफ टाइमला ४४ ने पुढे होती, त्याचं काय? मोडलेला क्लब असा खेळतो? रोझ ७१ नंतर गेला, ७६ ला आम्ही आयुष्यात पहिल्यांदा तळाला.

क्रो_काकू:
तुम्ही सगळे मॅच मोजताय, मॅचनंतर घाबरून काय केलं ते मोजा की. आमचं अ‍ॅडलेड क्रोज, २०१७ ची फायनल, रिचमंडकडून ४८ ने हार. ४८ म्हणजे काय, दरवर्षी कुणीतरी हरतंच तेवढ्याने. पण ह्यांना वाटलं पोरं मनाने कमी पडली, म्हणून २०१८ च्या सुरुवातीला गोल्ड कोस्टला तो कॅम्प नेला. आमचा खेळाडू एडी बेट्स, त्याने २०२२ ला आत्मचरित्रात तिथल्या त्रासाबद्दल लिहिलं तेव्हा क्लबला जाहीर माफी मागावी लागली. तोपर्यंत कोच डॉन पाइक गेला होता, बेट्स स्वतः गेला होता, २०२० ला इतिहासात पहिल्यांदा तळ गाठून झाला होता. परत फायनल्स (ग्रँड फायनलच्या आधीच्या निर्णायक मॅच) दिसायला २०२५ उजाडलं. हे रिचमंडने केलं का? आपणच हौसेने केलं. वेस्टलेक्सकर, तुमच्या शोडाउनच्या (पोर्ट विरुद्ध क्रोज मॅचच्या) दुश्मनाकडून एवढं ऐकून घ्या.

डीमन_देशपांडे:
काकू, हे मात्र पटलं. +१

वेस्टलेक्सकर:
काकू, ऐकलं. तुमच्या हिशोबाने बघितलं तर आमच्याकडे उलटंच झालं, आम्ही घाबरून काही केलंच नाही, नुसत्या ताडपत्र्या टाकल्या. २०१२ ला जीडब्ल्यूएस ह्या नव्या सिडनीच्या क्लबकडूनही हरलो तेव्हा कुठे कोच प्रायमस गेला, चेअरमन म्हणून डेव्हिड कॉख आणि कोच म्हणून केन हिंकली आले, २०१४ ला अ‍ॅडलेड ओव्हलला गेलो, गर्दी परत आली. तेव्हा "मोडला" हा शब्द मागे घेतो.

पण देशपांडे, २००७ नंतर ग्रँड फायनल अजून एकही खेळलेलो नाही हो. २०२४ च्या फायनल्समधल्या पहिल्या मॅचला समोर परत जिलाँग. सेकंड क्वार्टरलाच मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "एकशेएकोणीस!" ते आमच्याच रंगातलं होतं. ८४ ने हरलो त्या दिवशी.

हॉथॉर्नवाली:
आणि पुढच्या आठवड्यात आम्हाला ३ ने हरवलंत. ते कोण सांगणार?